रात्री प्लग लावणाऱ्यांची गाडी: मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही

2019 च्या मार्चमध्ये आम्ही 2015 सालची मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही, म्हणजे प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोलचे इंजिन दोन्ही असलेली प्लग-इन हायब्रिड गाडी, सेकंड हँड घेतली, तेव्हा डिकीतल्या पिशवीत चार्जिंगची केबल होती आणि तिच्या वेटोळ्यांवरची कोरी प्लॅस्टिकची पट्टी कोणी सोडलेलीच नव्हती. गाडी आधी एका कंपनीच्या ताफ्यात होती. चार वर्षे ती केवळ पेट्रोलवर धावली आणि जवळजवळ दोन टन वजनाची गाडी पेट्रोलवर जेवढे पिते तेवढे पीत राहिली. या गाडीबद्दल इतकी परस्परविरोधी मते का ऐकू येतात, याचे उत्तर मला त्या पट्टीत मिळाले.

ब्रिटनमध्ये ही गाडी 2014 मध्ये आली. सरकारचे 5,000 पौंडांचे अनुदान धरले की तिची किंमत डिझेलच्या आउटलँडरएवढीच पडत असे. शिवाय कागदोपत्री कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन किलोमीटरला केवळ 44 ग्रॅम असल्यामुळे, कंपनीच्या गाडीवर कर्मचाऱ्याला भरावा लागणारा कर 2014-15 मध्ये किमतीच्या अवघ्या 5 टक्क्यांवर आकारला जाई. साहजिकच असंख्य लोकांनी ती करासाठी घेतली. 2018 मध्ये द माइल्स कन्सल्टन्सी या संस्थेने कंपन्यांच्या ताफ्यांतील प्लग-इन गाड्यांच्या इंधनाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जाहिरातीतल्या शंभरावर मैलांच्या जागी सरासरी गॅलनला जेमतेम 40 मैल निघाले, आणि काही गाड्यांतील केबली वेष्टनातच सापडल्या. हा दोष मी गाडीला देणार नाही. ज्याच्या दारात गाडी उभी करायला जागा आणि हाताशी सॉकेट नाही, त्याने ती घेऊच नये, एवढेच मी म्हणेन.

आमचे घर लंडनजवळच्या स्लाऊमध्ये आहे, दारात ड्राइव्हवे आहे. मुलीची शाळा आणि माझे ऑफिस मिळून रोजची फेरी सुमारे 18 मैलांची होते. बॅटरी 12 किलोवॅट-तासांची. जुन्या युरोपीय चाचणीनुसार तिच्यावर 32.5 मैल जाता येते. आम्हाला उन्हाळ्यात 22 ते 24 आणि हिवाळ्यात 15 ते 16 मैल मिळतात. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर आमचा कामाचा आठवडा पेट्रोलला हात न लावता पार पडतो. घरातल्या साध्या 13 अँपियरच्या सॉकेटवर पूर्ण चार्ज व्हायला पाच तास लागतात. मी झोपण्यापूर्वी प्लग लावते, टायमर रात्रीच्या स्वस्त दराच्या वेळेला चार्जिंग सुरू करतो आणि सकाळी बॅटरी भरलेली असते.

हिशेब मांडायचा तर एका पूर्ण चार्जला भिंतीतून साधारण 10 युनिट वीज जाते. युनिटला 7 पेन्स या रात्रीच्या दराने 70 पेन्स होतात, दिवसाच्या 25 पेन्सने अडीच पौंड. तेवढेच 20-22 मैल पेट्रोलवर जायचे तर गॅलनला 35 मैल धरून साडेतीन-पावणेचार पौंड लागतात. मात्र रस्त्याकडेच्या चार्जरवर युनिटला 60 पेन्स मोजले, तर त्याच चार्जचे सहा पौंड होतात आणि पेट्रोलच स्वस्त पडते. या गाडीला चाडेमो या पद्धतीच्या प्लगचे जलद चार्जिंग आहे, 30 मिनिटांत बॅटरी 80 टक्के भरते. पण मोटरवेवर अर्धा तास थांबून पंधरा-सोळा मैल विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यासाठी पूर्ण विजेच्या गाडीवाल्याची जागा अडवणे तर मला मुळीच पटत नाही.

चालवण्याचा अनुभव मात्र मनापासून आवडावा असा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांना प्रत्येकी 60 किलोवॅटची स्वतंत्र मोटर आहे आणि नेहमीचा गिअरबॉक्स नाहीच. मंद वेगात इंजिन लागले तर ते बहुधा केवळ वीज तयार करते; मोटरवेच्या वेगाला क्लच जुळतो आणि ते थेट चाकांना जोडले जाते. साताऱ्याहून आई आली होती, तेव्हा हीथ्रोच्या पार्किंगमधून गाडी बाहेर निघू लागली तरी ती म्हणाली, "अगं, आधी गाडी सुरू तर कर." इतकी ती निःशब्द निघते. पण चढावर बॅटरी संपलेली असेल, तर ही शांतता मोडते. इंजिन वेगाशी न जुळणाऱ्या सुरात घोंगावत राहते, आणि तो आवाज मला सहा वर्षांनंतरही खटकतो.

स्टिअरिंगमागच्या दोन पॅडलनी बी-0 ते बी-5 असे ब्रेकिंगचे टप्पे निवडता येतात. आकडा जितका मोठा, तितकी मोटर चाकांना रोखते आणि वीज परत बॅटरीत जाते. याचे खरे मोल मला उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमध्ये कळले. कर्कस्टोन खिंडीतून अँबलसाइडकडे उतरणाऱ्या अरुंद, तीव्र उताराच्या रस्त्याला तिथे 'द स्ट्रगल', म्हणजे 'झुंज', असेच नाव आहे. बी-5 वर गाडी सोडली तर ब्रेकच्या पेडलला पाय क्वचितच लावावा लागला, आणि खाली पोहोचेपर्यंत पडद्यावर बॅटरीचे तीन मैल वाढलेले दिसले. अशा लांबच्या प्रवासात मी मोटरवेवर 'सेव्ह'चे बटण दाबून वीज राखते आणि गावात शिरल्यावर वापरते. पेट्रोलची टाकी 45 लिटरची, म्हणजे एका टाकीत 300 मैलांहून थोडे अधिक अंतर, आणि रिकाम्या चार्जरच्या शोधात भटकणे नाही.

हिवाळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. सर्वांत खालच्या प्रकारात विजेचा हीटर नव्हता, त्यामुळे उबेसाठी इंजिनच चालवावे लागते. आमचा प्रकार वरचा असल्याने तो त्रास वाचला, पण हीटर लावताच बॅटरीचे मैल डोळ्यांदेखत उतरतात. यावर उपाय म्हणजे प्लग लावलेला असतानाच गाडी आतून तापवून ठेवणे. तिचे अ‍ॅप इंटरनेटवरून चालत नाही, गाडीच्या स्वतःच्या वायफायला जोडावे लागते, म्हणून जानेवारीत मी सकाळी फोन घेऊन खिडकीच्या काचेला चिकटून उभी राहते. दहा मिनिटांनी पुढच्या काचेवरचे बर्फ कडांकडून विरघळू लागते.

आणखी एक गोष्ट नव्या मालकाला ठाऊक असावी. तीन महिन्यांत किमान 15 लिटर पेट्रोल भरले नाही, तर जुने पेट्रोल साचून राहू नये म्हणून इंजिन आपोआप सुरू होते. पहिल्या उन्हाळ्यात तसे झाले तेव्हा काहीतरी बिघडले असे वाटून मी घाबरले होते.

मागच्या मोटरने जागा घेतल्यामुळे डिझेल आउटलँडरमधली आसनांची तिसरी रांग यात नाही. गणपतीत लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात सगळे मिळून जायचे झाले की दोन गाड्या काढाव्या लागतात. स्टेपनीही नाही, फक्त पंक्चर दुरुस्तीचा संच आहे.

मित्सुबिशीने 2021 मध्ये ब्रिटनमधील नव्या गाड्यांची विक्री थांबवली, त्यामुळे आमच्यासारखी गाडी आता घ्यायची तर जुनीच मिळेल. उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबली दिसताच आमच्या जवळच्या एका गॅरेजने काम नाकारले होते, तेव्हा अशा विजेचे प्रशिक्षण घेतलेला मेकॅनिक जवळ आहे की नाही, ते आधी पाहून ठेवावे. विक्रेत्याला आदल्या रात्री गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगावे, हीटर बंद ठेवून इंजिन सुरू होईपर्यंत स्वतः चालवावी आणि मैल मोजावेत. पडद्यावरचा अंदाज आधीच्या मालकाच्या चालवण्यावर बेतलेला असतो, त्यावर किंमत ठरवू नये.