१५० रुपयांचा सोनटक्का, चिरून पाहिलेला

सोनटक्क्याचं रोप घेताना पानं बघू नका, गड्डा बघा. हिरवीगार पानं काय, चार दिवस सावलीत ठेवून पाणी मारलं की कुठल्याही रोपाला येतात. जूनमध्ये नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका रोपवाटिकेत गेले होते. तिथल्या माळीदादांनी मी मागायच्या आत पिशवीची एक बाजू सोडवली, माती झटकली आणि म्हणाले, "मावशी, डोळे मोजून घ्या." डोळे म्हणजे कोंब फुटायच्या जागा. अंगठ्याएवढा जाड, आडवा पसरलेला गड्डा, त्यावर खवल्यांची वळी आणि दोन टपोरे डोळे. नखाने जरा खरवडला तर आल्याचा वास आला. पैसे लगेच दिले. या माळीदादांना माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. दुकानाचे मात्र थोडे कापणार आहे.

पहिला कापते पाटीसाठी. पाटीवर रंगीत खडूने लिहिलं होतं ‘व्हाइट लिली’. मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. प्रॅक्टिकलच्या आधी फुलं निवडून ट्रेमध्ये लावायची, ब्लेड-सुया मांडायच्या, हेच काम. त्यामुळे असली पाटी दिसली की गप्प बसवत नाही. लिलीत सहा पुंकेसर, म्हणजे पराग देणारे नर अवयव, असतात, सोनटक्क्यात कामाचा एकच. हा आलं, हळद, वेलदोडा यांच्या कुळातला. आणि हा वाद नुसता पुस्तकी नाही. लिली समजून नेणारा माणूस कुंडी उन्हात ठेवतो, माती वाळू देतो, आणि मग सोनटक्का फुलत नाही म्हणून रोपवाल्याला बोल लावतो. सोनटक्क्याला पाय ओले आणि डोक्यावर अर्धी सावली लागते.

झाड वर्षानुवर्षं जगतं ते या गड्ड्याच्या जिवावर. जमिनीवर जे खोड दिसतं, तसल्या मीटर-दीड मीटर उंच काठ्या, त्या पानांची म्यानं एकात एक गुंडाळून झालेल्या असतात. पानं दोनच ओळींत, एक डावीकडे एक उजवीकडे. पान जिथे म्यानाला मिळतं तिथे पातळ पापुद्र्यासारखी जिव्हिका असते, ती बोटाने चाचपता येते. रोपवाटिकेत शेजारीच पेवाची रोपं होती. लांबून दोन्ही सारखी वाटतात, पण पेवाची पानं जिन्यासारखी गोल गोल चढत जातात. एवढं लक्षात ठेवलं तरी कोणी एकाच्या जागी दुसरं गळ्यात मारू शकणार नाही.

काठीच्या शेंड्याला गौरींच्या सुमारास कणीस आलं. हिरव्या छदांचं, म्हणजे कळ्या झाकणाऱ्या पानांचं, एकावर एक चढवलेल्या. प्रत्येक छदाच्या पोटात दोन-तीन कळ्या असतात आणि त्या एकदम फुलत नाहीत, पाळीपाळीने उमलतात. म्हणून फूल दिवसभरात मलूल झालं तरी कणीस बरेच दिवस चालतं. सूनबाईने वेणीसाठी हात घालायच्या आत मी एक फूल बाजूला काढलं आणि जुनं ब्लेड शोधलं.

उभा छेद घ्या. अंडाशय, म्हणजे जिथे बिया धरतात तो भाग, सगळ्यात खाली, फुलाच्या बाकीच्या भागांच्याही खाली. त्यावर निदलांची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेष्टनाची, हिरवट नळी, तिच्यातून वर आलेली पांढरी, आठएक सेंटिमीटर लांब, बारीक दलनळी, म्हणजे पाकळ्यांची नळी. नळीच्या टोकाला तीन अरुंद पट्ट्या लोंबत असतात. खऱ्या पाकळ्या त्या, आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आपण ज्यांना पाकळ्या म्हणून मिरवतो ते रुंद पांढरे भाग म्हणजे वंध्य, पराग न देणारे पुंकेसर. बाजूचे दोन सुटे. मधला सगळ्यांत मोठा, टोकाशी दुभंगलेला, तो दोन पुंकेसर जुळून झालेला. त्याच्या बुडाशी पिवळट-हिरवी झाक. कर्दळीतही हाच प्रकार, तिथेही रंगाचा थाट वंध्य पुंकेसरांचाच.

मला सगळ्यांत आवडतो तो कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयातून निघून पराग झेलणाऱ्या टोकापर्यंत, कुक्षीपर्यंत, जाणारा दोरा. इतका नाजूक की एकट्याने उभा राहायची ताकद नाही. तो नळीतून वर येतो, परागकोशाच्या, म्हणजे पुंकेसराच्या परागाच्या पिशवीच्या, दोन कप्प्यांमधल्या खोबणीत शिरतो आणि त्यांच्या आधाराने वर जाऊन कुक्षी तेवढी बाहेर डोकावते. सुईने कप्पे हळूच बाजूला केले की अख्खा सुटून येतो. प्रॅक्टिकलला निम्मी पोरं तो तोडूनच ठेवायची आणि मग ‘मॅडम, आमच्या फुलाला नाहीच’ म्हणायची. लांब नळीच्या तळाचा मध लहानसहान किड्यांच्या आवाक्यात नाही. तो लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी. रंग पांढरा आणि वास संध्याकाळी चढणारा, तोही त्यांच्यासाठीच. आपल्या वेण्या आणि गौरी हा फुकटचा लाभ. फळ आतून नारिंगी, बिया लाल वेष्टनाच्या. पण बागेत फळ क्वचितच धरतं, वाढ सगळी गड्ड्यावर.

मूळचा हा पूर्व हिमालयाकडच्या ओलसर जंगलांतला. क्यूबाने त्याला राष्ट्रीय फूल केलंय, तर हवाई बेटांत आणि ब्राझीलमध्ये पाणथळ जागी तो असा माजलाय की तण म्हणून उपटतात. नाशिककरांनी काळजी करू नये, आपला मे महिना त्याला आवरायला पुरेसा आहे. त्र्यंबक-इगतपुरीच्या मानाने शहरात पाऊस कितीतरी कमी, साधारण ७०० मिलिमीटर, आणि उन्हाळ्याची हवा कोरडी ठक्क. पानांच्या कडा करपतात, थंडीत पिवळ्या पडतात. गड्डा जिवंत असेल तर पावसाच्या तोंडावर पुन्हा कोंब येतात.

आता उरलेले गुण. पिशवी फारच लहान होती, गड्डा कडेला टेकून वाकडा झालेला, आणि भरलेली नुसती काळी चिकण माती. घरी आणल्यावर रुंद, पसरट कुंडीत तांबडी माती आणि शेणखत घालून हलवावं लागलं. काउंटरवरच्या मुलाने एक दिवसाआड पाणी घाला म्हणून सांगितलं, ते उन्हाळ्यात तरी ऐकू नका. आणखी एक गोष्ट तिथे कोणीच सांगत नाही: फुलून गेलेली काठी पुन्हा फुलत नाही, ती बुडातून कापायची, म्हणजे नव्या कोंबांना जागा होते. दरवर्षी फुलं हवी असतील तर हे करावंच लागतं. १५० रुपयांना दोन डोळ्यांचा गड्डा, भाव रास्त आहे. रोपं घरपोच देत नाहीत, रिक्षा आपली आपण बघायची.

पिवळा सोनटक्काही होता, ३०० रुपयांना. ती जात वेगळी, आणि फुलल्याशिवाय रंगाची खात्री कोण देणार? मी घेतला नाही. सप्टेंबरात कणीस आलेल्या कुंड्या मांडू म्हणालेत, तेव्हा जाऊन बघेन.