जमिनीवर दोघांचा दावा: प्रांताकडे जावं की दिवाणी कोर्टात?

एकाच गटावर दोघं मालकी सांगू लागले की गावात पहिला सल्ला ठरलेला असतो: "प्रांताकडे अपील टाक, सातबारा आपल्या नावावर करून घे." तो ऐकण्याआधी आपलं भांडण नेमकं कशाचं आहे ते पाहा. नोंदीचं, ताब्याचं की मालकीचं? प्रांत (म्हणजे उपविभागीय अधिकारी) असोत की तहसीलदार, महसुली अधिकारी नोंद बरोबर की चूक एवढंच पाहतात. फेरफारामुळे, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीमुळे, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या सवर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात सांगितलं, 2021 मध्ये जितेंद्र सिंह प्रकरणात पुन्हा सांगितलं. तरी तहसील कचेरीतली गर्दी काही कमी होत नाही.

महसुली वाट स्वस्त आहे. फेरफाराची नोटीस आली की 15 दिवसांत हरकत द्यायची. मग नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताकडे अपिलाला 60 दिवस. वारसनोंदीत एखादं नाव सुटलं असेल, नोंदणीकृत खरेदीखत असूनही फेरफार झाला नसेल, तर एवढ्यावर काम भागतं. निव्वळ लेखनचूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारच दुरुस्ती करतात. मात्र खरेदीखतावरचा अंगठा वडिलांचाच आहे का, मृत्युपत्र खरं का, बहिणीकडून हक्कसोड फसवून घेतलं का, या प्रश्नांचा अखेरचा निकाल तिथे लागत नाही. त्यासाठी साक्षीदार पिंजऱ्यात उभा करून उलटतपासणी व्हावी लागते.

म्हणजे दिवाणी दावा. वेळखाऊ आहे, खर्चिक आहे, आणि निकालानंतर अपील, मग दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) असं शेपूट लागतंच. पण मालकी ठरते ती इथेच. प्रथमदर्शनी बाजू भक्कम असेल तर सुरुवातीलाच तात्पुरता मनाई हुकूम मिळू शकतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरचा जमीन विकत नाही, बांध फोडत नाही. महिला वादींना मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, हे माहेरच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या बहिणींना सहसा कोणी सांगत नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री किंवा नोंदणीकृत वाटप मुलींना मुलांइतका हक्क देणाऱ्या हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीच्या आधारे उलटवता येत नाही.

दावा लावताना मागणी नीट लिहा. समोरच्याने तुमच्या मालकीवरच गंभीर शंका उभी केली असेल तर नुसता मनाईचा दावा अपुरा पडतो. मालकी जाहीर करून मागावी लागते. आणि जमीन त्याच्या ताब्यात असेल तर ताबाही त्याच दाव्यात मागावा लागतो, नाहीतर नुसती घोषणा कोर्ट देत नाही.

सगळ्यात महाग पडते ती मुदत. मालकी जाहीर करून मागण्याला 3 वर्षं, मालकीच्या जोरावर ताबा मागण्याला साधारण 12. प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त अशा पायऱ्या चढताना दिवाणी मुदत थांबेल या भरवशावर राहू नका. म्हणून माझं मत: मालकीलाच आव्हान असेल तर दिवाणी दावा लवकर लावा. महसुली हरकतही सोडू नका, कारण उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरली जाते.

नुकतंच जबरदस्तीने हुसकावलं असेल तर गोष्ट वेगळी. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत गेलात तर मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. शेतजमिनीसाठी मामलतदार न्यायालयाचा 1906 चा कायदाही आहे. तिथेही 6 महिनेच.

तडजोडीचं काय? सगळे वारस सही करायला तयार असतील तर लोकअदालतीला तोड नाही: निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ, अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. एक बहीण जरी बाहेर राहिली तरी तो निवाडा तिच्यावर बंधनकारक नाही, आणि भांडण पुन्हा उभं राहतं. दोन शेतकरी 12 वर्षांहून जास्त काळ एकमेकांच्या जमिनी कसत असतील तर 2023 साली आलेली सलोखा योजना पाहा. अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये, नोंदणी फी 1000 रुपये. योजना मुदतीची आहे, तेव्हा दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्या.

त्याच कार्यालयात दावा लावल्यावर पुन्हा जावं लागेल, लिस पेंडन्सची नोटीस, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी सूचना, नोंदवायला. बहुतेक राज्यांत दावा चालू असताना जमीन घेणाऱ्यावर निकाल आपोआप बंधनकारक होतो. महाराष्ट्रात त्यासाठी ही नोंदणी लागते, आणि ती राहिली तर मधेच जमीन घेतलेल्या तिसऱ्या माणसाशी वेगळं भांडावं लागतं.