बुटिलच्या नावाखाली डांबर: गाडीच्या डॅम्पिंगमध्ये झालेली फसवणूक

गाडीच्या डिक्कीत दहा इंची सबवूफर (खालच्या सुरांसाठीचा स्पीकर) बसवल्यावर गाण्यातल्या खालच्या सुरांना मागची बाजू खडखडू लागली, तेव्हा नागपुरातील एका ॲसेसरीजच्या दुकानदाराने ‘चारही दारे आणि डिक्की कम्प्लिट डॅम्पिंग, माल इंपोर्टेड बुटिल’ असे सांगून माझ्याकडून 16,000 रुपये घेतले. डॅम्पिंग म्हणजे पत्र्याची थरथर कमी करण्यासाठी त्याला आतून चिकट शीट लावणे, आणि बुटिल हे त्यासाठी वापरले जाणारे कृत्रिम रबर. प्रत्यक्षात त्याने डांबराच्या शीट चिकटवल्या, त्याही निम्म्याच जागी, आणि ज्या खडखडीसाठी एवढा खर्च केला ती जशीच्या तशी राहिली. हे काम ट्रिमच्या, म्हणजे आतल्या आवरणाच्या, मागे झाकले जात असल्यामुळे ग्राहकाला काही दिसत नाही, म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वर्कशॉपमध्ये ग्राहकाला थांबता येत नाही, गाडी रात्रभर ठेवावी लागेल, असे मला सांगण्यात आले. गाडी परत देताना दुकानदाराने डिक्कीच्या झाकणावर बोटांनी टकटक करून आवाज किती भरीव येतो ते दाखवले. तो भरीव येणारच होता, कारण नेमक्या त्याच जागी शीट लावलेली होती.

खरा प्रकार उन्हाळ्यात उघड झाला. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. गाडीत रस्त्याचे काम चालू असल्यासारखा डांबराचा वास येऊ लागला आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेला चिकट काळे ओघळ दिसले. त्यानंतर गाडी धुतली, तर दार उघडता-मिटताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज ऐकू आला. ओळखीच्या मेकॅनिककडून दाराचे ट्रिम काढून घेतले, तेव्हा वितळलेल्या डांबराने तळाची पाणी निघून जाण्याची भोके बुजलेली आढळली. पावसाळा तसाच गेला असता तर दार आतून गंजले असते. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला, म्हणजे जिथे डॅम्पिंगची खरी गरज असते तिथे, एकही तुकडा नव्हता. सीटमागच्या पत्र्याचीही तीच गत होती.

दुकानदाराचे उत्तर होते, ‘उन्हाने सगळ्याच शीटचे असे होते.’ हे साफ खोटे आहे. चांगले बुटिल रबर गाडीतल्या उष्णतेने ओघळत नाही आणि त्याला डांबराचा वासही येत नाही. शीटचा छोटा तुकडा आधीच मागून घ्यावा आणि मागचा कागद काढून दुपारभर कडक उन्हात ठेवावा. डांबर असेल तर वास आणि चिकट ओघळ लगेच कळतात. दुसरा तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून वाकवला तर डांबर सहसा तडकते, बुटिल मात्र लवचिक राहते. वजनावरूनही अंदाज येतो: दोन मिलिमीटर जाडीच्या चांगल्या शीटचे वजन एका चौरस मीटरला साधारण 3 किलो भरते. शीटच्या वरच्या बाजूला नखाने सहज फाटणारे पातळ ॲल्युमिनियम असेल तर ती शीट घेऊच नये, कारण पत्रा आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये रबर ताणले जाऊनच पत्र्याची थरथर जिरते. याच कारणामुळे पत्रा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मढवण्याची गरज नसते. मधला पाव ते एक तृतीयांश भाग नीट दाबून झाकला तरी बराचसा परिणाम मिळतो. ‘कम्प्लिट’ हा शब्द बिल फुगवण्यासाठीच वापरला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्याकडे दुकानाचे बिल होते आणि त्यावर ‘बुटिल’ असे लिहून घेतलेले होते, याचा फार उपयोग झाला. उघडलेल्या दारांचे फोटो काढून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला लेखी नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, हे नोटिशीत नमूद केल्यावर त्याने मालाचे पैसे परत केले. मजुरी मात्र दिली नाही.

मूळ खडखड घरीच गेली. मोबाइलवरून 20 ते 80 हर्ट्झचे सूर हळूहळू चढवत वाजवले आणि मुलाने बाहेरून एकेक भाग हाताने दाबून पाहिला. नंबर प्लेट दाबताच अर्धा आवाज थांबला, उरलेला मागच्या पार्सल ट्रेचा (मागच्या सीटमागील फळीचा) आणि डिक्कीच्या ट्रिममधील एका सैल वायरचा होता. दोन सुटे भाग एकमेकांवर आपटत असतील तर कोणतीही शीट उपयोगी पडत नाही, त्यांच्यामध्ये फोमच हवा. नंबर प्लेटमागे आणि ट्रेच्या कडांना फोम टेप लावली, वायर कापडी टेपने गुंडाळून बांधली आणि डिक्कीच्या झाकणाचा आतला पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर बुटिलचे मोजके तुकडे रोलरने दाबून बसवले. दारांतले डांबर हीट गनने मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे लागत आहे; पत्रा पूर्ण थंड झाल्यावरच उरलेला चिकटा रॉकेलच्या फडक्याने पुसतो, कारण रॉकेल आणि हीट गन एकत्र आले तर आग लागू शकते. मागचे उजवे दार अजून बाकी आहे.