वादळाच्या मोसमात आई-वडिलांना घेऊन: सिंगापूर, हाँगकाँग की टोकियो?

सत्तरीच्या आईला किंवा वडिलांना घेऊन परदेशातलं एखादं शहर निवांत बघायचंय आणि सुट्टी मिळतेय ती नेमकी जुलै ते ऑक्टोबरात. अशा वेळी बहुतेक जण आधी महिन्याचा सरासरी पाऊस शोधतात. तो आकडा फारसा कामाचा नाही. एखादं शहर तासभर झोडपून निघतं आणि लगेच कामाला लागतं, दुसरं दीड दिवस दारं लावून बसतं, आणि दोघांचा महिन्याचा पाऊस सारखाच निघू शकतो. ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर बघायचं ते हे, की इशारा किती आधी मिळतो, त्यानंतर शहरात काय काय बंद होतं आणि स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंत किती पावलं उघड्यावर टाकावी लागतात.

सिंगापूर

सिंगापूर विषुववृत्ताला इतकं चिकटून आहे की टायफून, म्हणजे चक्रीवादळ, तिथे सहसा फिरकत नाही. डिसेंबर २००१ मधलं ‘वामेई’ हा दुर्मीळ अपवाद. इथलं वादळ म्हणजे विजा, गडगडाट आणि तासाभराचा धो-धो पाऊस. त्याचे दोन प्रकार ओळखता यायला हवेत. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात सुमात्राच्या बाजूने ढगांची रांग पहाटे किंवा सकाळी येते आणि ताशी ४० ते ८० किलोमीटरचे झोत घेऊन जाते. त्याला ‘सुमात्रा स्क्वॉल’ म्हणतात. दुसरा प्रकार दुपारच्या गडगडाटाचा, तो एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जास्त.

इशारा इथे जेमतेम तास-दोन तास आधी मिळतो. ‘मायएन्व्ह’ या सरकारी ॲपवर पुढच्या दोन तासांचा भागवार अंदाज आणि रडार दिसतं. न्याहारी करताना ते बघावं. पश्चिमेकडून लाल पट्टा सरकत येत असेल तर दीड तास उशिरा निघावं, एवढंच. मेट्रो चालू राहते, दुकानं आणि संग्रहालयं उघडी असतात. मेट्रो स्टेशनच्या ४०० मीटर परिसरातल्या शाळा, दवाखाने, वस्त्या अशा ठिकाणी जाणाऱ्या पायवाटांवर छप्पर घालण्याची योजनाच सरकारने राबवली आहे. सिटी हॉल स्टेशनपासून एस्प्लनेड नाट्यगृहापर्यंत तर जमिनीखालूनच जाता येतं.

फसगत होते ती वेगळ्या ठिकाणी. ‘गार्डन्स बाय द बे’ला बेफ्रंट स्टेशनवरून भुयारी वाट आहे म्हणून लोक निर्धास्त निघतात, पण वर आल्यावर काचघरांपर्यंतचा टप्पा बराचसा उघडाच आहे. तिथे भिजून ‘क्लाउड फॉरेस्ट’मध्ये शिरलं की आत गारवा, वर धुक्याचे फवारे, आणि ओल्या कपड्यांत वडील दहा मिनिटांत कुडकुडायला लागतात. एक सुका शर्ट, मोजे आणि शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नये. आत लिफ्टने थेट वर जावं आणि चालत खाली उतरत यावं, उतार सौम्य आहे. विजा चमकत असतील तर उंचावरचे उघडे पूल बंद ठेवतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर संध्याकाळ आखू नये. डिसेंबर-जानेवारीत मात्र सिंगापूरचं गणित बदलतं. तेव्हा दोन-तीन दिवस सलग रिपरिप चालू शकते.

हाँगकाँग

इथे सगळा खेळ आकड्यांचा आहे आणि तो समजून घेतला तर हे शहर वाटतं तितकं अवघड नाही. वेधशाळा १, ३, ८, ९ आणि १० असे सिग्नल लावते. १ म्हणजे वादळ टप्प्यात आलंय, शहर नेहमीसारखं. ३ म्हणजे ताशी ४१ ते ६२ किलोमीटर वारा. ऑफिसं चालू असतात, बस चालू असतात, पण बंदर ओलांडणाऱ्या ‘स्टार फेरी’ बोटीत चढायची फळी लाटांबरोबर वर-खाली होत असते. गुडघ्याचा त्रास असेल तर ३ लागल्यावर फेरी सोडून मेट्रो धरावी. लांताऊ बेटावरची केबल कारही जोरदार वाऱ्यात थांबवतात.

८ म्हणजे ताशी ६३ किलोमीटरपासून पुढे. तेव्हा शाळा, ऑफिसं, संग्रहालयं, बहुतेक दुकानं बंद होतात. फेरीबोटी थांबतात आणि बस टप्प्याटप्प्याने आगारात जातात. भुयारी मेट्रो ८ मध्ये चालू राहते, ९ आणि १० मध्ये उघड्यावरचे मार्ग थांबतात. ८ लावण्याआधीच्या दोन तासांत वेधशाळा पूर्वसूचना देते. पाहुण्यांची चूक होते ती इथेच. पूर्वसूचना ऐकून निघालं की सगळं शहर त्याच तासाला घरी निघालेलं असतं आणि मेट्रोच्या फलाटावर आईला टेकायलाही जागा मिळत नाही. त्याआधीच्या पत्रकांत ‘अमुक वाजता ८ चा विचार करू’ असं बहुधा दिलेलं असतं. ते वाक्य दिसलं की हॉटेलकडे वळावं. वाटेत पाणी, फळं, बिस्किटं घ्यावीत, कारण नंतर हॉटेलातल्या उपाहारगृहाशिवाय फारसं काही उघडं मिळणार नाही. ८ चा मुक्काम अर्धा दिवस सहज असतो. २०१८ च्या ‘मांगखुट’ वादळात १० नंबरच दहा तास होता. सिग्नल उतरला तरी संग्रहालयाचं दार लगेच उघडेलच असं नाही.

वाऱ्याच्या सिग्नलपेक्षा आम्हाला जास्त धास्ती वाटते ती काळ्या पावसाच्या इशाऱ्याची. तासाला ७० मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे ‘ब्लॅक’, आणि त्याला वाऱ्यासारखी आगाऊ सूचना मिळेलच असं नसतं. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री एका तासात १५८.१ मिलिमीटर पडला आणि वाँग ताई सिन मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं. काळा इशारा लागला तर आहात त्या इमारतीतच थांबायचं, टॅक्सी शोधत रस्त्यावर उतरायचं नाही.

हलक्या पावसात मात्र सेंट्रल भाग फिरायला छान. आयएफसी मॉलपासून सेंट्रल मार्केटपर्यंत छपराचे उंच पादचारी पूल आहेत आणि पुढे डोंगरावर चढणारा सरकता जिना, एकूण ८०० मीटर. त्यात एक मेख आहे. सकाळी दहाच्या सुमारापर्यंत तो खाली येतो, त्यानंतर रात्रीपर्यंत फक्त वर जातो. दुपारी हौसेने टोकापर्यंत गेलात तर खाली यायला ओल्या पायऱ्या उरतात. वरून टॅक्सीने उतरायचं ठरवूनच चढावं.

टोकियो

टोकियोत वादळाची बातमी दोन-तीन दिवस आधी पक्की होत जाते आणि रेल्वे कंपन्या बहुधा आदल्या दिवशीच जाहीर करतात की अमुक वेळेनंतर गाड्या नाहीत. इतका आगाऊ इशारा या तिघांत दुसरीकडे कुठेच मिळत नाही. वृद्ध माणसासोबत त्याची किंमत मोठी आहे: आदल्या दुपारी खरेदी करा, खोलीत राहा, घाई नाही. फक्त खरेदी दुपारीच करा. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातला पाव, पाणी आणि तयार भात संपलेला असतो.

अडचण येते ती नंतर. दुसऱ्या सकाळी आकाश निळंशार असतं आणि गाड्या मात्र बंद, कारण रुळांवरून पडलेली झाडं आणि राडारोडा तपासल्याशिवाय सेवा सुरू होत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘फाक्साई’ वादळ गेल्यावर नारिता विमानतळावर विमानं उतरत राहिली, पण शहराकडे यायला गाड्याच नव्हत्या. हजारो प्रवाशांनी रात्र जमिनीवर काढली. पुढच्याच महिन्यात ‘हागिबिस’ वादळाने नागानोच्या आगारात उभ्या शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) गाड्या बुडवल्या आणि टोकियोहून कानाझावाकडे जाणारा होकुरिकू मार्ग पूर्ववत व्हायला जवळपास दोन आठवडे लागले. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात टोकियो-कानाझावा-क्योटो अशी साखळी आई-वडिलांसोबत आखू नये, एकाच शहरात मुक्काम ठेवावा. विमान निवडता येत असेल तर हानेदा घ्यावं. नारिता शहरापासून साठेक किलोमीटर, हानेदा पंधरा-वीस. रद्द झालेल्या गाडीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, त्याची काळजी नको.

साध्या पावसात ओतेमाचीपासून टोकियो स्टेशन आणि गिंझापर्यंत जमिनीखालून चालता येतं. पण ही वाट दमवते. स्टेशनं अवाढव्य, लिफ्ट असते पण फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि केइयो या रेल्वेमार्गाचा फलाट गाठायला टोकियो स्टेशनच्या आतच शेकडो मीटर चालावं लागतं. पुराचा इशारा असेल तेव्हा मात्र भुयारात थांबू नये.

शेवटचे शंभर मीटर

तिन्ही शहरांत पडणं होतं ते वादळात कमी आणि वादळातून आत आल्यावर जास्त. ओला तळवा, गुळगुळीत फरशी, बस्स. निघण्याआधी काठीच्या टोकाचं रबर नवीन बसवा, झिजलेलं रबर ओल्या टाइलवर काचेसारखं सरकतं. दारातल्या पायपुसण्यावर दोन्ही बूट नीट पुसूनच पुढे जायचं, मागे गर्दी असली तरी. मऊ रबरी चपला सरकत्या जिन्याच्या फटीत अडकतात, आणि हाँगकाँगचे जिने वेगात चालतात.

छत्री की रेनकोट? आई-वडिलांसाठी रेनकोट, तोही गुडघ्यापर्यंतच. एक हात काठीला, एक कठड्याला हवा. वारा सुटल्यावर छत्री हातातून ओढ घेते आणि तोल जातो. लांब पोंचोची झालर जिन्यावर पायात येते. चष्मा असेल तर रेनकोटच्या टोपडीच्या आत पुढे झापड असलेली टोपी घालावी. बायफोकलवर थेंब साचले की खालची पायरी दिसत नाही. तुम्ही त्यांचा दंड धरू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या. धक्का बसला तर तोल त्यांच्या हातात राहतो.

हॉटेल घेताना ‘स्टेशनपासून तीन मिनिटं’ यावर जाऊ नका. कोणत्या दारापासून तीन मिनिटं आणि त्या दाराला लिफ्ट आहे का, हे हॉटेलला लिहून विचारा. पाणी आत येऊ नये म्हणून बऱ्याच भुयारी स्थानकांची दारं रस्त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या उंच असतात. चाकांची खुर्ची असेल तर लिफ्टचं दार हेच तुमचं दार.

औषधं मुक्कामापेक्षा पाच दिवसांची जास्त आणि सगळी हातातल्या बॅगेत, सोबत घटकांच्या नावांसह डॉक्टरांची चिठ्ठी. जपानसाठी हे आधीच तपासा: १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं तिथे नेता येत नाहीत, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं महिन्याभराहून जास्त न्यायची तर आगाऊ परवानगी लागते. प्रवास विमा वादळाला नाव पडण्याआधी घेतलेला हवा, नंतर घेतलेला त्या वादळासाठी बहुधा चालत नाही. रुग्णवाहिकेचे क्रमांक सिंगापूरला ९९५, हाँगकाँगला ९९९, जपानमध्ये ११९.

मग कुठे जावं?

गुडघे दुखत असतील, विसरभोळेपणा सुरू झाला असेल किंवा दिनक्रम मोडला की आई-वडील कावरेबावरे होत असतील, तर सिंगापूर. यात आम्हाला शंका नाही. पाच-सहा रात्री हाताशी असतील आणि एखादा दिवस खिडकीतून बंदरावरचे ढग बघत बसणं त्यांना आवडणार असेल, तर हाँगकाँग. चार रात्रींपेक्षा कमी असतील तर तिथे या मोसमात जाऊ नका, एक ८ नंबर निम्मी सहल खातो. दोन-तीन किलोमीटर सहज चालणाऱ्या, जिने चढणाऱ्या वडिलांसाठी टोकियो, आणि तिथे शेवटच्या दोन रात्री विमानतळाच्या दिशेच्याच हॉटेलात काढा.