पोट रिकामं होत नाही: तपासणी कोणती, गोळी कोणती?

चार घासांत पोट गच्च, दुपारची भाजी रात्री उलटीत जशीच्या तशी, आणि एन्डोस्कोपीचा रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’. मधुमेहाच्या जुन्या पेशंटमध्ये हे चित्र ओळखीचं आहे: गॅस्ट्रोपरेसिस, म्हणजे जठर मंदावणं. एन्डोस्कोपीतून वाट अडलेली नाही एवढंच कळतं, जठराचा वेग नाही. ती आधी हवीच, पण तेवढ्यावर थांबू नका.

पुढे स्कॅन की श्वासाची चाचणी? स्कॅनमध्ये टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेला अंड्याचा पांढरा बलक पाव-जॅमबरोबर खायला देतात (अंडं न खाणाऱ्यांना आपल्याकडे काही ठिकाणी इडली मिळते) आणि ठरावीक वेळाने फोटो काढतात. चार तासांनी 10 टक्क्यांहून जास्त अन्न उरलं, तर जठर मंद. श्वासाच्या चाचणीत किरणोत्सर्ग नसतो, पण यकृत, फुप्फुस किंवा आतड्याचा आजार असेल तर आकडे फसवतात. मी स्कॅनच निवडेन. फक्त नंबर लावतानाच विचारा, ‘पूर्ण चार तासांचा आहे ना?’ दीड-दोन तासांत गुंडाळलेल्या स्कॅनमध्ये आजार निसटू शकतो. त्या दिवशी साखर 275 च्या आत हवी. सेमाग्लुटाइड (मधुमेहाचं आणि वजन कमी करण्याचं औषध) चालू असेल तर आवर्जून सांगा. दोष त्याचाही असू शकतो.

गोळ्यांमध्ये खरी निवड दोघींत. मेटोक्लोप्रमाइडला अमेरिकेत या आजारासाठी मंजुरी आहे, पण ती मेंदूत पोचते. जीभ-जबडा आपोआप हलू लागतो, कधी कायमचा. म्हणून 12 आठवड्यांची मर्यादा. (लेव्होसल्पिराइड या पोटाच्या दुसऱ्या गोळीलाही हालचालींचा असाच धोका.) डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, त्याची भीती हृदयाच्या ठोक्यांची. आपल्याकडे ते अ‍ॅसिडिटीच्या गोळीत सर्रास जोडलेलं असतं, म्हणून निरुपद्रवी समजू नका. ईसीजी चांगला असेल तर माझा कौल डॉम्पेरिडोनला, हृदयविकार असेल तर नाही. सोबत एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक तर अजिबात नको.

एवढ्याने भागलं नाही तर जी-पोएम: एन्डोस्कोपीतून जठराच्या दाराचा स्नायू कापतात. 2022 च्या झेक चाचणीत सहा महिन्यांनी 71 टक्क्यांना फायदा झाला, लुटुपुटूच्या प्रक्रियेत 22. पण पेशंट 41च होते. त्याच स्नायूत देतात त्या बोटॉक्सच्या इंजेक्शनवर मी पैसे घालणार नाही.

ताटाचं गणित मात्र उलटं होतं. मधुमेहात ज्यांचं कौतुक, त्या कोशिंबिरी, मोडाच्या उसळी इथे पोटात अडून बसतात; मऊ भात, वरण, गाळलेलं सूप थोडं थोडं, पाच-सहा वेळा. जेवणाआधी इन्सुलिन घेत असाल तर वेळ डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या: अन्न जठरातच आणि इन्सुलिन कामाला लागलेलं, म्हणजे साखर आधी कोसळते आणि मग चढते.