घाट उतरताना: ब्रेकवर की गिअरवर?

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं म्हणजे साधारण 40 किलोमीटरमध्ये 1,200 मीटरपेक्षा जास्त खाली यायचं. माणसांसकट 1,200 किलोच्या गाडीची ही उतराई उष्णतेत मोजली, तर तीन बादल्या, म्हणजे 45 लिटर, पाणी उकळीला येईल. त्यातला काही वाटा वारा आणि टायर घेतात. बाकीची उष्णता कुणी पचवायची, ब्रेकने की इंजिनने, एवढाच प्रश्न आहे.

ब्रेकवर. सोपं, सवयीचं. चौथा गिअर आणि पाय पेडलवर. मीही असाच उतरायचो. एकदा निम्म्या घाटात जळका वास आला. पुढच्या वळणाला पेडल मऊ लागलं आणि नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. गाडी कडेला घेतली, तर चाकाशी हात नेववेना. सासरे पाण्याची बाटली घेऊन धावले. तेवढ्यात मागे थांबलेला ट्रकवाला ओरडला, "ओतू नका, डिस्क वाकडी होईल! आणि हँडब्रेकही नको, गिअरात टाका, चाकाला दगड लावा." मग मला म्हणाला, "कितव्यात उतरत होतात? चढताना चौथ्यात चढला असतात का?"

पेडल मऊ का पडलं, ते गॅरेजमध्ये कळलं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 3 या प्रकारचं ब्रेक ऑईल नवं असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरला की मर्यादा 140 पर्यंत घसरू शकते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय ऑईलऐवजी ते बुडबुडेच दाबत बसतो. माझं ऑईल चार वर्षांचं होतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं.

गिअरवर. घाट सुरू होण्याआधीच दुसरा किंवा तिसरा गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला. इंजिन गाडीला मागे धरतं. ब्रेक वळणाआधी ठामपणे दाबायचा आणि सोडायचा. इंजिन 3,000 आरपीएमवर घोंघावतं, शेजारचा दचकतो. इंजिनाला काही होत नाही. क्लच झिजतो म्हणतात, पण पाय क्लचवरून पूर्ण काढलेला असेल तर नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर: एएमटी गिअरबॉक्सला मॅन्युअल मोड, सीव्हीटी गिअरबॉक्सला एल (लो). इलेक्ट्रिक गाडी मात्र वरूनच शंभर टक्के चार्ज करून निघाली, तर उतारावर मोटर गाडीला मागे ओढत जी वीज बनवते, ती घ्यायला बॅटरीत जागा नसते आणि मोटरची ती ओढ कमी पडते.

न्यूट्रलमध्ये. ही तुलनेत यायलाच नको, पण "पेट्रोल वाचतं" म्हणणारे भेटतातच. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला थोडं लागतं. आणि कुणी इंजिनच बंद केलं, तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा बूस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा भाग) रिकामा होतो, पेडल दगडासारखं घट्ट.

माझं मत उघडच आहे: गिअर. फक्त दोन-चार वळणांचा उतार असेल आणि गाडीत तुम्ही एकटेच, तर ब्रेकवरही चालतं. भरलेली गाडी, पाऊस किंवा आंबेनळी-वरंध्यासारखा लांब घाट असेल तर नाही. निघण्याआधी ब्रेक पॅडची जाडी बघून घ्या. नवे दहा मिलिमीटरच्या आसपास असतात. तीनवर आले असतील तर आधी गॅरेज, मग घाट. परवा आम्ही दुसऱ्या गिअरात उतरलो. इंजिनाचा आवाज ऐकून सासरे सारखे म्हणत होते, "अहो, वरचा गिअर टाका ना."