कुलवृत्तांतात जुने कागद वाचता येतील असे छापायला लिब्रेऑफिस रायटर : कुठे चांगला, कुठे गोत्यात आणतो

डेमी आकाराच्या कुलवृत्तांतात कोतवाल बुकाचं (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचं) अख्खं पान छापतात, खाली "अमुकच्या जन्माची नोंद" अशी ओळ देतात आणि नोंद भिंगातूनही लागत नाही. खापर फुटतं स्कॅनरवर. हिशोब मात्र वेगळं सांगतो. फुलस्केप पान साधारण 8 × 13 इंच. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) स्कॅन केलं तर रुंदीत 2400 पिक्सेल मिळतात. डेमी पानावर (5.5 × 8.5 इंच) समास सोडून उरते सव्वाचार इंच रुंदी, म्हणजे छापील चित्र 560 डीपीआयच्या वर जातं. चित्र अगदी स्वच्छ असतं, पण 3 मिमीचं अक्षर 1.6 मिमीवर येतं, आणि मोडीच्या जोडाक्षराला तेवढ्यात जागाच नसते. पिक्सेल कितीही वाढवले तरी अक्षराची उंची वाढत नाही.

त्यामुळे मजकूर जुळवायचं साधन निवडताना पहिला प्रश्न हा, की एकाच कागदाची दोन चित्रं, एक संदर्भापुरतं छोटं पान आणि एक मोठी कापलेली पट्टी, ते सहज मांडू देतं का. वंशावळीच्या सॉफ्टवेअरचे तयार अहवाल इथेच मार खातात. ग्रॅम्प्स मोफत आहे, माहिती नीट सांभाळतं, पण त्याच्या तपशीलवार अहवालात चित्र येतं ते मजकुराच्या कडेला, लहानशा चौकटीत. चेहऱ्याला ती चौकट पुरते, फेरफार नोंदीला पुरत नाही. सुदैवाने ग्रॅम्प्स अहवाल ओडीटी स्वरूपात, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या फाइल-स्वरूपात देतं. तो लिब्रेऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखं मोफत लेखन-साधन) उघडावा आणि कागदपत्रांची चित्रं तिथे नव्याने बसवावीत.

रायटरची जमेची मोठी बाजू अशी की चित्रावर उजवं क्लिक करून 'कॉम्प्रेस' उघडलं की या मापाला चित्र किती डीपीआयचं पडतंय ते तिथेच दिसतं. आकडा 300 च्या वर असावा, बारीक टाकाच्या लिखाणाला 400 बरा. आकडा पाहून 'कॅन्सल' करा. 'ओके' केलं तर चित्र खरोखर बारीक होतं, आणि फाइल जतन करून बंद केली की मूळ चित्र त्यात उरत नाही.

नोंदीची ओळ पूर्ण 8 इंच रुंद असते, ती सव्वाचार इंचांत मावत नाही. तिचे दोन तुकडे करून एकाखाली एक लावा, मधला एक रकाना दोन्हींत येऊ द्या म्हणजे सांधा कळतो. दुसरा मार्ग आडव्या पानाचा: रायटरमध्ये 'लँडस्केप' ही पानशैली आयतीच मिळते, फक्त तिचं माप पुस्तकाच्या मापाशी जुळवून घ्या. पुस्तक प्रेसला जाणार असेल आणि त्यांना सगळी पानं उभी हवी असतील, तर पान उभंच ठेवून चित्र 90 अंशांत फिरवा.

आता दुखणी. चित्र परिच्छेदाला अडकवलेलं असलं की वर दोन ओळी वाढताच ते उडी मारतं आणि चित्रओळ मागेच राहते. अँकर (चित्र कशाला अडकवायचं ती सोय) 'ॲज कॅरेक्टर' करा आणि चित्राला स्वतंत्र परिच्छेद द्या. मोठे स्कॅन भरत गेलं की फाइल जड होऊन रायटर रेंगाळतो. चित्र घालताना 'लिंक'वर खूण केली तर फाइल हलकी राहते, पण चित्रांचा फोल्डर हलला की चौकटी रिकाम्या होतात. पेन ड्राइव्हवर फक्त ओडीटी देणाऱ्यांची हमखास फजिती होते.

सगळ्यात जास्त नुकसान पीडीएफ करताना होतं. रायटर मुळात जेपीईजी, दर्जा 90 टक्के आणि 'रिड्यूस इमेज रिझोल्यूशन' 300 डीपीआय असं धरून चालतो. फोटोला ते चालतं. कागदपत्रात अक्षरांच्या कडांना राखाडी धूर येतो. 'लॉसलेस' (दर्जा न घटवता साठवणं) निवडा आणि रिझोल्यूशनची खूण काढा. फाइल फुगेल, फुगू द्या. वर्डवाल्यांनीही पर्यायांत 'प्रगत' विभागात जाऊन चित्रं दाबू नयेत ही खूण करावी, आणि तीही चित्रं घालण्याआधी.

रायटरच्या 'इमेज मोड'मधल्या 'ब्लॅक/व्हाइट'च्या नादी लागू नका, फिकट शाई त्यात साफ उडते. ग्रेस्केल घ्या. मजकुरावर लाल शिक्का बसला असेल तर काम रायटरचं नाही, गिम्प या मोफत चित्र-संपादकाचं: मोनो मिक्सरमध्ये लाल शंभर टक्के, हिरवा-निळा शून्य. शिक्का विरतो, काळी शाई राहते. जांभळ्या शिक्क्याला हा उपाय अर्धवटच लागू पडतो. पातळ कागदाच्या पाठची शाई स्कॅनमध्ये उमटत असेल तर मागे काळा कागद ठेवून पुन्हा स्कॅन करा. नंतर कॉन्ट्रास्ट वाढवून ती जात नाही, उलट ठळक होते.

जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर कुणबी नोंदींच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ आहेत. त्यातलं पान स्क्रीनशॉटने उचलाल तर मिळेल तेवढंच, जेवढे पडद्यावर पिक्सेल आहेत. पीडीएफ लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडा आणि चित्रावर उजवं क्लिक करून ते जतन करा, मूळ स्कॅन हाती येतो. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर येणारा कागद 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवला की तो वाटेतच दाबला जातो.

छपाईत रायटरची मर्यादा ठरलेली आहे: तो सीएमवायके (छपाईच्या चार शायांत रंग मांडलेली) पीडीएफ देत नाही. काळ्या-पांढऱ्या डिजिटल छपाईला काही अडत नाही. चार रंगांत ऑफसेट करायचं असेल तर चित्रांची पानं स्क्रायबस या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवा, तेही मोफत आहे आणि 1.6 आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. कागद 70 जीएसएमचा मॅपलिथो नको, पाठचं पान दिसतं. 90-100 चा घ्या, किंवा कागदपत्रांचा एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) वेगळा आर्ट पेपरवर. नॅचरल शेड कागद मजकुराला छान, पण फिकट शाईचा उरलासुरला उठाव तोही खातो.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रायटरमध्ये कातरलेलं चित्र फक्त झाकलेलं असतं. कोतवाल बुकाच्या त्याच पानावरच्या इतर घराण्यांच्या नोंदी ओडीटीत तशाच राहतात, आणि फाइल भाऊबंदांत फिरली की कुणीही कातर मागे घेऊन त्या वाचू शकतो. हे टाळायचं तर पट्टी गिम्पमध्येच कापून वेगळी फाइल करा आणि तीच रायटरमध्ये घाला. मूळ पूर्ण स्कॅन टिफ किंवा पीएनजीमध्ये निराळ्या फोल्डरात ठेवा, नावात गाव, नमुना क्रमांक आणि पान क्रमांक घालून.